घरातला घाट

दिवाळीचा किल्ला ज्या घराच्या अंगणात कधीच उभा राहिला नाही असे मराठी घर सापडणे कठीण. मग ते इंदूरच्या रामबागेतले असो, ग्वाल्हेरच्या लष्करातले असो, की बडोद्याच्या दांडिया बाजारातले. दगडविटा रचाव्यात, त्यांवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावे, अळीव पेरावेत आणि धनत्रयोदशीपर्यंत हिरवळ उगवते की नाही म्हणून दिवसातून दहा वेळा वाकून पाहावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मातीला डोंगराचे रूप देण्याची ही विद्या आपल्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. तिचीच पुढची इयत्ता म्हणून आज आम्ही एक निराळा उद्योग वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो म्हणजे घरातल्या एका फळीवर डोंगर, बोगदा, पूल आणि त्यांमधून चढत जाणारा लोहमार्ग उभारणे. पाश्चात्त्य देशांत हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. मेर्क्लिन या जर्मन कारखान्याने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठाच्या आकाराचे रूळ मांडून त्यांवर चावीची गाडी फिरवून दाखविली, तेव्हापासून तो रीतसर रुजला. आपल्याकडे मात्र तो राजवाड्यांच्या बाहेर क्वचितच पडला. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील ती चांदीची आगगाडी कोणाला ठाऊक नाही? भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी, सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावाची सात अक्षरे मिरविणारी, आणि पाहुण्याने डब्यातील सुरई उचलताच थांबणारी!

आम्हांला हवी आहे ती गाडी चांदीची नव्हे. आमच्या मनात आहे पातालपाणी ते कालाकुंड हा घाट.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. इंदूरकर तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी 1870 साली एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आणि खांडव्यापासून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणण्याची खटपट केली. त्या मीटरगेज मार्गाला विंध्य चढून माळव्याच्या पठारावर यायचे होते. चार बोगदे, खोल कापण्या आणि चाळीसास एक अशी कडक चढण, एवढे सोसून तो वर आला. नर्मदेवर खेडीघाटाजवळ सुमारे 197 फुटांच्या चौदा गाळ्यांचा पूल झाला. 5 ऑक्टोबर 1876 रोजी महाराजांनी स्वतः तो खुला केला. पुढे याच मार्गावरून जयपूर ते काचीगुडा अशी मीनाक्षी एक्सप्रेस धावू लागली. इंदूर, खांडवा, अकोला, पूर्णा, नांदेड, हैदराबाद असा तिचा रस्ता असल्याने माळव्यातल्या आणि निजामाच्या मुलखातल्या कितीतरी मराठी घरांच्या सोयरिकी तिच्या डब्यांतून जुळल्या म्हणावयास हरकत नाही. कालाकुंडला मागून एक जादा इंजिन लावले जाई. ते गाडी ढकलीत पातालपाण्यापर्यंत पोचवी आणि एकटे परत खाली उतरे. तेवढ्या अवकाशात फलाटावर पानाच्या द्रोणांतला कलाकंद घ्यावयाचा, ही प्रवाशांची वहिवाट.

आता ती गाडी नाही. महू ते ओंकारेश्वर रोड हा मार्ग रुंदीकरणासाठी 2023 च्या प्रारंभी बंद झाला. पातालपाणी ते कालाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरांचा तुकडा तेवढा वारसा म्हणून राखला आहे आणि 25 डिसेंबर 2018 रोजी त्यावर सहलीची गाडी सुरू झाली. सहल ती सहलच. मागचे इंजिन, खाली गाडीची वाट पाहत उभे राहिलेले प्रवासी, रात्रीच्या अंधारात बोगद्यात शिरणारे दिव्यांचे डबे, हे ज्यांनी पाहिले ती माणसे आज साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना ‘बँकर’ हा शब्द उच्चारून दाखविला तर सावकार आठवतो. घरातल्या फळीवर घाट उभा करावयाचा तो या दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत. आजोबांनी सांगावे, नातवाने मोजावे.

मोजावे हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. हौशी मंडळींच्या पहिल्या मांडण्या बहुधा अर्ध्यावर राहतात, आणि त्या पैशांअभावी किंवा कंटाळ्यामुळे राहत नाहीत. चढणीचा हिशेब न करता रूळ ठोकले जातात म्हणून राहतात. सपाट अंडाकृती मार्ग कोणालाही जमतो. तोच मार्ग स्वतःवरून पुलाने ओलांडावयाचा म्हटला की गणित सुरू होते.

प्रथम प्रमाण ठरवू. जगात सर्वांत अधिक चालणारे प्रमाण ‘एचओ’ नावाचे आहे. त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते आणि रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर. त्याहून लहान ते ‘एन’. ते 160 व्या हिश्शाचे आणि 9 मिलिमीटर रुळांचे. विलायतेत ‘ओओ’ नावाचे तिसरे प्रमाण प्रिय आहे; त्यात गाडी शहात्तराव्या हिश्शाची, परंतु रूळ एचओचेच. म्हणजे डब्याच्या मानाने रूळ अरुंद. विलायतेतील लोकांनी ही विसंगती पाऊणशे वर्षांहून अधिक काळ सुखाने चालवून घेतली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे; कारण आपल्यापुढेही तोच पेच उभा राहतो. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरांचा. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा 19.3 मिलिमीटर होतो, आणि तयार रूळ मिळतात ते 16.5 चे. उलट मीटरगेजचा तोच हिस्सा साडेअकरा मिलिमीटर. त्यासाठी 12 मिलिमीटरचे रूळ परदेशांत मिळतात, पण इंजिने मिळतील ती स्वित्झर्लंडच्या डोंगरांतली. शुद्धतेचा आग्रह धरला तर पहिली मांडणी कधी सुरूच व्हावयाची नाही. आमचे मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला 16.5 चे रूळ घ्यावेत आणि घाट मीटरगेजचा मानावा. रुळांतील अंतर फुटपट्टीने मोजणारा पाहुणा वर्षाकाठी एखादाच येतो. डोंगर मात्र दारातून शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

येथे बडोद्याच्या आणि ग्वाल्हेरच्या वाचकांची थोडी असूया वाटते. खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत 1862 साली डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा मार्ग झाला आणि त्यावरची गाडी प्रथम बैलांनी ओढली. अडीच फुटांचा सत्त्याऐंशीवा हिस्सा 8.8 मिलिमीटर, म्हणजे ‘एन’चे 9 मिलिमीटर रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतात. बैलजोडी कुंभाराकडून करून घेतली की झाले. ग्वाल्हेरचा दोन फुटी मार्गही 7 मिलिमीटरांवर येतो आणि साडेसहा मिलिमीटरच्या ‘झेड’ रुळांवर निभावतो. पण तो पुढचा विषय.

आता जागा. आठ फूट लांब, चार फूट रुंद अशी प्लायवुडची अखंड फळी बाजारात मिळते. सेंटिमीटरांत 244 गुणिले 122. बारा मिलिमीटर जाडीची घ्यावी आणि खाली दोन इंच बाय एक इंच पट्ट्यांची चौकट सुताराकडून ठोकून घ्यावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून फळीच्या कडांना आणि खालच्या अंगाला आधीच रंगाचा हात द्यावा. वाळवीची भीती असेल तेथे चौकटीला वाळवीचे औषधही. चार फूट रुंदीची फळी भिंतीला टेकवून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. माणसाचा हात अडीच फुटांपलीकडे नीट पोचत नाही, आणि गाडी रुळांवरून घसरावयाची ती नेमकी मागच्या बोगद्यात, हा या छंदाचा अलिखित नियम आहे. पायांना चाके लावली तर फळी भिंतीपासून ओढता येते. घरात लग्नकार्य निघाले तर फळी उभी करून कपाटामागे सारावयाची असेल तर डोंगर हलका हवा. तो विचारही आत्ताच करावा.

मग खरा प्रश्न. पातालपाणी ते कालाकुंड हे दहा किलोमीटर सत्त्याऐंशींनी भागले तर 115 मीटर होतात. तेवढी लांबी वाड्याच्या सगळ्या दालनांतून फिरविली तरी मावायची नाही. पातालपाण्याचा धबधबा सुमारे तीनशे फुटांचा सांगतात; तो फळीवर मीटरभराहून उंच होईल. नर्मदेचा होळकर पूल मांडावयाचा तर एक गाळाच सुमारे 69 सेंटिमीटर, आणि चौदा मिळून साडेनऊ मीटरांच्या वर! तेव्हा घाटाची नक्कल करावयाची नसते, घाटाचा अर्क काढावयाचा असतो. एक धबधबा, एक बोगदा, एक कमानींचा पूल, खाली एक स्टेशन, वर एक स्टेशन. बाकी सर्व गाळावयाचे. चित्रकार निसर्गचित्रात गावातली सगळी घरे काढीत नाही, चारच काढतो आणि गाव दिसते, तसेच हे.

आता वहीच्या कागदावर फळीचा दहावा हिस्सा काढा: 24.4 गुणिले 12.2 सेंटिमीटर. दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे येतील. बाहेरच्या वळणाची त्रिज्या 55 सेंटिमीटर घेतली तर कडेपासून 6 सेंटिमीटर मोकळे राहतात. आतले वळण 49 चे. दोन्ही बाजूंचे सरळ तुकडे 122 सेंटिमीटरांचे. अशा मार्गाचा बाहेरचा फेरा सुमारे 5.9 मीटर होतो आणि आतला साडेपाच.

पुलावरून गाडी नेण्यासाठी खालच्या रुळांच्या माथ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत साडेसात सेंटिमीटर मोकळे हवेत. त्यात पुलाची फळी, बुचाची पट्टी आणि वरचे रूळ यांची जाडी मिळविली की दोन मार्गांच्या उंचीत दहा सेंटिमीटरांचा फरक येतो. चाळीसास एक या चढीने दहा सेंटिमीटर चढावयास चार मीटर लागतात. एका फेऱ्याची लांबी 5.9 मीटर, चढण्यात चार गेले तर उतरण्यास दोनही उरत नाहीत, म्हणजे उतरण विसास एकाहून कडक झाली. ती माथेरानच्या गाडीला शोभते, आपल्या गाडीला नव्हे. येथेच पुष्कळ मांडण्या बुडतात.

उपाय जुना आहे. गाडीने एकच फेरा न घेता दोन घ्यावेत. पहिला बाहेरून, दुसरा आतून, आणि दुसरा संपताच पुलाने पहिल्याला ओलांडून पुन्हा मूळ ठिकाणी यावे. दोन्ही मिळून 11.4 मीटर झाले. चढावयास चार मीटर आणि चढाच्या दोन्ही टोकांना थोडी सौम्य सुरुवात-शेवट धरून 4.4, उतरावयास तितकेच, उरले 2.6 मीटर. त्यांपैकी 1.2 मीटर खाली सपाट, ते कालाकुंड; 1.4 मीटर वर सपाट, ते पातालपाणी. योगायोग असा की या हिशेबात दोन्ही स्टेशने फळीच्या एकाच अंगाला येतात. पुढे खाली कालाकुंड, त्याच्या मागे दहा सेंटिमीटर उंच पातालपाणी, मध्ये एक काळा कडा, आणि स्टेशनाच्या एका टोकाशी वरचा मार्ग खालच्यावरून तिरकस पार होतो. तेथे पूल. मागच्या अंगाला दोन्ही फेरे साधारण सारख्या उंचीवर शेजारीशेजारी येतात. त्यांवर डोंगर घालावा, म्हणजे कालाकुंडहून निघालेली गाडी बोगद्यात शिरते, बाहेर येते ती चढलेली असते, आणि पाहणाऱ्याला मधला घाट मनाने पुरा करावा लागतो.

गाडीची लांबीही या सपाटीवरून ठरते. ब्रॉडगेजचा नेहमीचा डबा 21.3 मीटरांचा, म्हणजे प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटरांचा. असे चार डबे आणि वीस सेंटिमीटरांचे इंजिन मिळून 1.2 मीटर झाले. कालाकुंडचा फलाट तेवढाच आहे. एवढे लांब डबे 49 सेंटिमीटरांच्या वळणावर फार बाहेर डोकावतात. आखूड डबे घेतले तर वळणही शोभते आणि मीटरगेजचा आभासही होतो.

वळण आणि चढ एकत्र आले की चढ कडक होतो. खऱ्या लोहमार्गावरही हे मानतात. आपल्या रेल्वेत वळणाच्या प्रत्येक अंशामागे मीटरगेजवर चढण 0.03 टक्का कमी करतात, ब्रॉडगेजवर 0.04. घरातली वळणे त्याहून कितीतरी तीव्र. हौशी लोकांचा ठोकताळा असा की 32 या संख्येला इंचांतील त्रिज्येने भागावे; येईल तितके टक्के चढ अधिक समजावा. आपल्या आतल्या वळणाची त्रिज्या 19 इंचांहून थोडी अधिक. भागाकार सुमारे 1.7. चाळीसास एक म्हणजे अडीच टक्के, बेरीज 4.2, म्हणजे इंजिनाला चोविसास एकाचा घाट चढल्यासारखे होणार. म्हणून रूळ ठोकण्याआधी एक परीक्षा अवश्य करावी. दोन मीटर लांबीची एक सरळ फळी घ्या, तिच्यावर रूळ ठेवा आणि एक टोक आठ सेंटिमीटर उचला. ही पंचविसास एकाची चढण झाली. या फळीवर आपले इंजिन जितके डबे न घसरता ओढील, तितकेच आपल्या घाटाचे. चार ओढले तर उत्तम. दोनच ओढले तर मागून दुसरे इंजिन लावावे. कालाकुंडला तरी दुसरे काय करीत होते? मात्र दोन्ही इंजिने एकाच बनावटीची, सारख्या वेगाची हवीत. मागचे चपळ असेल तर वळणावर मधले डबे आडवे पडतात.

चढणीचा मार्ग उभारण्याची युक्ती सुताराला एकदा समजावली की तो खूष होतो. प्लायवुडवर मार्ग आखून घ्यावा आणि रुळांच्या दोन्ही बाजूंनी करवत चालवून सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी मोकळी करावी. टोके मात्र फळीला जोडलेलीच ठेवावीत. मग पट्टी हळूहळू उचलून तिच्याखाली खुंट्या घालाव्यात. प्लायवुड आपल्याच ताणाने सुरुवातीला आणि शेवटी सौम्य बाक घेते. तेथे एकदम कोन झाला तर इंजिनाची पुढची चाके अधांतरी होतात आणि डब्यांच्या कड्या सुटतात. मधल्या भागात दर 30 सेंटिमीटरांवर खुंटी हवी आणि प्रत्येक खुंटी मागचीपेक्षा साडेसात मिलिमीटर उंच. खुंट्यांची उंची मोजून कापावी, पण पट्टी आडवी सपाट आहे ना ते पाणसळीनेच पाहावे. डोळ्यांवर विसंबू नये. पट्टी एका बाजूला कलली की गाडी खाली येते, आणि दहा सेंटिमीटरांवरून पडलेले इंजिन नंतर पूर्वीसारखे क्वचितच चालते. फळीच्या कडेने जाणाऱ्या उंच भागाला पारदर्शक पट्टीचा कठडा लावावा.

रुळांच्या सांध्यांत जाड लग्नपत्रिकेच्या कागदाइतकी फट ठेवावी. माळव्याचा जानेवारी आणि माळव्याचा मे यांच्यामध्ये धातू वाढतो, लाकूड त्याहून अधिक हलते, आणि फट नसेल तर रूळ भर दुपारी धनुष्यासारखे उचलले जातात. वीज बारा व्होल्टची, एकदिशी. एका रुळातून जाते, दुसऱ्यातून येते. दर मीटरभर अंतरावर फळीखालून तारा आणून रुळांना डाखाव्यात; नुसत्या सांध्यांवर भिस्त ठेवली तर वीज घाटात क्षीण होते, आणि गाडी नेमकी चढावर दम तोडते. घरातली 230 व्होल्टची वीज कंट्रोलरच्या पेटीच्या अलीकडेच थांबली पाहिजे. ती पेटी तयार, चांगल्या बनावटीची घ्यावी, घरी जोडू नये. नवशिक्यांना एक सावधगिरी सांगून ठेवतो. मधूनच तिरका रूळ टाकून गाडी त्याच मार्गावर उलट तोंडाने परत आणण्याची कल्पना फार आकर्षक वाटते, पण तेथे दोन्ही रुळांची वीज एकमेकींना भिडते. त्याची निराळी व्यवस्था असते; पहिल्या मांडणीत तो फाटा नकोच. कालाकुंडला एक बगलेचा मार्ग आणि दोन सांधे पुरेत. मागचे इंजिन तेथे उभे राहील.

एवढे झाल्यावर डोंगर चढवू नये. पंधरा दिवस नुसत्या लाकडी सांगाड्यावर गाडी चालवावी. मुले या टप्प्यावर अधीर होतात. त्यांना अडखळणाऱ्या सांध्यांवर खडूने खुणा करण्याचे काम द्यावे. जेथे खूण तिसऱ्यांदा पडते, तेथे रूळ उचलून पुन्हा बसवावेत.

मग किल्ल्याची विद्या कामास येते. वर्तमानपत्रांचे बोळे पट्ट्यांवर रचावेत, त्यांवर जुन्या मलमलीचे तुकडे पातळ प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून पसरावेत. दोन थरांत डोंगर हलका आणि टणक होतो. फळी उभी करावयाची असेल तर माती, गोटे वापरू नयेत. काळ्या कड्यासाठी चंदेरी कागद चुरगाळून, थोडा उलगडून, त्यात प्लास्टर ओतावे. सुकल्यावर कागद सोलला की खडकाचे अंग दिसते. आपला खडक बेसाल्टचा, पण निव्वळ काळा रंग देऊ नये. तो कोळशाचा ढीग वाटतो. आधी करडा, मग पातळ काळा भेगांत सोडावा, शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट राखाडी ओढावा. बोगद्याचे मागचे अंग उघडे ठेवावे, हात जाईल इतके. त्यात किती वेळा हात घालावा लागेल, त्याची कल्पना न केलेलीच बरी.

रुळांमधली खडी म्हणजे चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू. खरी खडी साधारण 50 मिलिमीटरांची. प्रमाणात ती अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास येते. वाळू पसरून आधी पाण्याचा फवारा मारावा, मग तिप्पट पाणी घातलेला फेव्हिकॉल साबणाच्या पाण्याच्या एका थेंबासह सोडावा. सांध्यांच्या हलत्या पात्यांपासून हे सर्व दूर. गवतासाठी लाकडाचा भुसा रंगवावा. जमिनीसाठी वाळवलेला चहाचा चोथा. झाडांना घोसाळ्याचा जाळीदार सांगाडा आणि वाळलेल्या काड्या. झाडे बहुधा ठेंगणी केली जातात. वीस मीटरांचा साग प्रमाणात 23 सेंटिमीटरांचा होतो आणि माणूस दोन सेंटिमीटरांहूनही लहान. सगळे साग तेवढे केले तर डोंगर झाकला जाईल; म्हणून पुढे उंच आणि मागे आखूड लावावेत, म्हणजे डोंगर दूर जातो.

ऋतू कोणता, याचा मात्र घरात एकदा निर्णय व्हावा. फाल्गुनातला घाट सर्वांत देखणा. साग निष्पर्ण आणि पळस पेटलेला. पण तेव्हा धबधब्याला धार कसली? भाद्रपद घेतला तर पाणी भरपूर, पण पळस हिरवा. आम्ही अनेक ठिकाणी एकाच डोंगरावर फुललेला पळस आणि कोसळणारा धबधबा शेजारीशेजारी पाहिले आहेत. मुलांना ते चालते, पण ज्याने घाट पाहिला आहे त्याच्या डोळ्यांत खुपते. आमचा कौल भाद्रपदाला. पाण्यासाठी काच चिकटविण्याचे पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकच्या कागदावर उभ्या रेघांनी ओढावे, दुसऱ्या दिवशी सोलून कड्यावरून सोडावे आणि फेसाच्या जागी पांढऱ्या रंगाचा अगदी हलका हात द्यावा. तीस सेंटिमीटरांची धार पुरे.

पातालपाण्याच्या स्टेशनापाशी टंट्या भिल्लाच्या देवळाला विसरू नये. 1889 मध्ये फाशी गेलेल्या या बंडखोराला निमाड-माळव्यात टंट्या मामा म्हणतात. त्याच्या ठाण्यापाशी गाडी क्षणभर थांबवून चालक नमस्कार करतात, अशी प्रथा सांगितली जाते. काडेपेटीएवढे देऊळ, त्यावर एक झेंडा. कंट्रोलर ज्याच्या हाती असेल त्याने तेथे गाडी थांबवावी, म्हणजे खेळाला वेळापत्रक येते: कालाकुंडहून दोन इंजिनांनी निघणे, बोगदा, पातालपाणी, मामाला नमस्कार, मागचे इंजिन सोडणे, ते एकटे परत. या क्रमाने गाडी चालविली तर दोन मुलांना पुरेल इतके काम असते, आणि नुसत्या गोल फिरणाऱ्या गाडीचा येतो तसा कंटाळा तिसऱ्या दिवशी येत नाही.

पुण्याला जाणे झाले तर कोथरूडमधील जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून यावे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेने उभारलेले हे मिनिएचर शहर 1998 पासून लोकांसाठी खुले झाले. तेही एचओ प्रमाणातच आहे. गाड्यांकडे सगळेच पाहतात. आपण पुलांच्या खाली पाहावे, चढण कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते.

खर्चाविषयी एवढेच की पैसा जातो तो इंजिन, रूळ आणि सांधे यांत. डोंगर जवळजवळ फुकट होतो. म्हणून एक इंजिन, तीन आखूड डबे, अकरा-साडेअकरा मीटर रूळ आणि दोन सांधे यांपासून आरंभ करावा. दुसरे इंजिन पुढच्या दिवाळीला. वैशाखात फळी आणली, पावसाळ्यात खुंट्या आणि तारा झाल्या, तर गणपतीच्या आरासीत लाकडी सांगाड्यावरची गाडी चालू शकते, आणि डोंगर किल्ल्याच्या दिवसांत, माखलेले हात तसेही धुवावयाचे असतात तेव्हा, चढवता येतो. कलाकंदाचे द्रोण मात्र प्रमाणात करू नयेत. सत्त्याऐंशीवा हिस्सा कोणाच्याच दाताखाली येणार नाही.